खुर्चीच्या पोटातला कागद

तोंडात वीस खिळे धरून गप्पा मारता येतात, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला खरं वाटणार नाही. थोरल्याला ते येत होतं. खुर्च्या-सोफे मढवायच्या धंद्यात माणसाचे दोन हात कमीच पडतात. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठं? गालात. जिभेनं एकेक खिळा ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. नवशिके एक तर बोबडे बोलतात, नाहीतर खिळा गिळतात आणि मग सगळं घर डोक्यावर घेतात. थोरला मात्र गाल भरलेला असताना गिऱ्हाइकाला कापडाचे चार प्रकार समजावून सांगे, मध्येच खदखदून हसे, आणि या माणसाच्या तोंडात लोखंड आहे याचा समोरच्याला पत्ताही लागत नसे.

हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

धाकटा त्याचा भाऊ, आठ वर्षांनी लहान. सेहेचाळीस वर्षांचा झाला, कानशिलं पांढरी झाली, तरी सगळ्या गल्लीला तो धाकटाच. बाप लवकर गेला तेव्हा थोरल्यानंच त्याला वाढवलं, हातात कात्री दिली, कापडाचा उभा-आडवा धागा ओळखायला शिकवलं. कापणं आणि शिवणं यात धाकट्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोलण्यात मात्र सगळा आनंद. लग्न एकदोन ठिकाणी जमत आलं होतं, पण हा तोंडच उघडेना. मुलीनं तरी काय ऐकून हो म्हणावं? ते राहिलं ते राहिलंच. दुकानाच्या वर त्याची एक खोली होती, आणि दोन्ही वेळचं जेवण थोरल्याच्या घरी, दोन गल्ल्या सोडून. वहिनी वाढत, थोरला बडबडे, धाकटा जेवे. थोरल्याची लेक लग्न होऊन दूर गेल्यावर तर ही तिघंच उरली होती, आणि तिघांना ते पुरत होतं.

थोरला चोपन्नचा होता तेव्हा त्याला सोफ्याची एक बाजू उचलवेनाशी झाली. आधी दम लागायचा, मग एके दिवशी दुकानाच्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी येऊन बसलाच तो. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दाराशी एक झडप असते, ती कडक होऊन अरुंद झाली आहे, दार पुरतं उघडतच नाही. ती काढून धातूची बसवायची. थोरला म्हणाला, "म्हणजे जुनी स्प्रिंग काढून नवी. हे आम्ही रोज करतो, डॉक्टर. फक्त आमची खुर्ची तेवढा वेळ जिवंत नसते." डॉक्टर हसले, वहिनी हसल्या नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. जन्मभरासाठी दोन अटी मागं लागल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची आणि महिन्याला रक्त तपासायचं, कारण धातूवर रक्त धरतं, गुठळी होते. शिवाय ठोके आवरायची एक गोळी. आणि दुसरी अट, खिळे तोंडात धरायचे नाहीत. हिरडीला कापलं तर रक्त थांबायचं नाही. खरं सांगायचं तर थोरल्याला दुसरीच जास्त लागली.

घरी सोडायच्या दिवशी वहिनी खाली औषधं घ्यायला गेल्या होत्या. थोरला अजून अशक्त, डोळे मिटून उशांना टेकून बसलेला. सिस्टरनं धाकट्याला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. चांगली पन्नाशीची बाई, चष्मा नाकावर, आवाजात कसलाच आडपडदा नाही.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"भाऊ."

"मग बरंच झालं. ही दोन पानं. पहिल्यावर जेवण, जखम, गोळ्यांच्या वेळा. दुसरं पान नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल आहे. ते वाचायला द्याच, पण तोंडानंही सांगा. लोक विचारत नाहीत, मनातल्या मनात कुढत बसतात. कधी चालेल, कधी नाही, जमलं नाही तर काय करायचं, सगळं त्यात लिहिलंय. पुरुषानं पुरुषाला सांगितलेलं बरं पडतं. कळलं ना?"

धाकट्याचे कान तापले. तो भिंतीवरच्या आगीच्या बंबाकडं बघत होता. बंब कसा वापरायचा याच्या पाच पायऱ्या त्याला अजूनही पाठ आहेत.

"कळलं," तो म्हणाला.

वहिनी जिना चढून आल्या, हातात औषधांची पिशवी. "काय म्हणाल्या सिस्टर?"

"हे पान दिलंय," धाकटा म्हणाला आणि त्यानं पहिलं पान पुढं केलं. दुसरं तोवर चार घड्या होऊन शर्टाच्या खिशात गेलं होतं.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला सांगावंच लागेल, कारण पुढं कुणी त्याच्या बाजूनं बोलणार नाही. थोरला म्हणजे त्याला बापाच्या जागी. वहिनींसमोर तर त्यानं कधी मान वर करून विनोदसुद्धा केला नव्हता. त्यात आपण बिनलग्नाचे. ज्या गावाला आपण गेलोच नाही त्या गावची वाट आपण कुणाला सांगायची? दादाला एकट्याला गाठून कागद हातात देऊ आणि पळ काढू, असं त्यानं ठरवलं. लाज ही चांगली गोष्ट असते असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. असेल बापडी. मला तिचा राग येतो, म्हणून मी सांगतोय.

दहा दिवस तो कागद त्याच्या खिशात राहिला. संध्याकाळी जेवायला जाताना रोज ठरवून जायचा. एकदा तर वहिनी शेजारी गेलेल्या, थोरला एकटा, खोलीत कुणी नाही. धाकट्यानं खिशात हात घातला.

"काय रे?" थोरला म्हणाला.

"काही नाही. टेप शोधतोय."

"कशाला? माझं माप घेतोस की काय? एवढ्यात नाही मरत मी."

आणि दोघं हसले. संपलं.

त्याच दिवसांत धाकटा थोरल्यासाठी खुर्ची करत होता. छातीचं हाड भरून येईपर्यंत थोरल्याला सपाट निजवत नव्हतं, म्हणून उंच पाठीची, रुंद हाताची, डोकं टेकायला उशी शिवलेली. जन्मात केली नव्हती इतक्या मायेनं त्यानं ती केली. खाली पट्ट्या ताणल्या, स्प्रिंगा बांधल्या, काथ्या घातला, त्यावर तागाचं कापड शिवलं, वर कापसाचा थर. दुपारी थोडं थांबून त्यानं खिशातला कागद काढला आणि पुन्हा वाचला. आज द्यायचाच असा निश्चय करायला वाचत होता बिचारा. इतक्यात दारात वहिनी उभ्या.

"बघू तरी, कशी झालीय खुर्ची!"

धाकट्यानं कागद कापसाखाली सारला. वहिनी जवळ आल्या, पाठीवर हात फिरवला, म्हणाल्या, "भाऊजी, यात बसल्यावर ते उठायचेच नाहीत." आणि तिथंच स्टुलावर बसल्या. आता करायचं काय? धाकट्यानं वरचं कापड ओढलं, बैठकीवर ताणलं आणि त्यांच्या देखत, मान खाली घालून, टाक्याला टाका घालत कागद आत शिवून टाकला. पुढं सवडीनं काढू, तो मनाशी म्हणाला. शिवण उसवल्याशिवाय तो कागद निघणार नव्हता आणि आपलीच इतकी सुबक शिवण आपण उसवणार नाही, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं. मग त्यानं स्वतःची समजूत घातली: जगात माणसं काय कागद वाचून संसार करतात? त्यांचं ते बघतील.

खुर्ची घरी गेली. थोरला दिवसातले सहा तास त्या कागदावर बसू लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं वळसा घालायचं धाडससुद्धा कुणी केलं नाही.

वहिनींनी सुरुवातीला आपली खाट खिडकीशी हलवली होती. टाके ताजे होते, झोपेत हात लागला तर काय घ्या. टाके सुकले, हाड भरून आलं, थोरला पुन्हा दुकानात येऊन बसायला लागला, खिळे वाटीत ठेवून एकेक उचलून ठोकायला लागला आणि दर खिळ्याला एक शिवी हासडायला लागला. खाट मात्र खिडकीशीच राहिली. धाकटा रोज जेवायला जाई आणि ती बघे. एरवी त्या घरात थोरला बायकोच्या हातची पोळी पळवायचा, ती लाटणं उगारायची, धाकटा ताटात बघून हसायचा. आता दोघं एकमेकांना "असू दे, मी घेतो", "राहू द्या, मी ठेवते" असं म्हणायला लागले होते. परक्याच्या घरी उतरलेली दोन माणसं जशी बोलतात तशी. धाकटा हे ऐके, आणि तरी रोज जेवून, हात धुऊन, "येतो" म्हणून निघून येई.

ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात थोरल्यानं विचारलं. विचारलं म्हणजे जेवढं त्याला जमलं तेवढं.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. धाकटा वाकडी सुई घेऊन एका खुर्चीच्या पाठीला टाके घालत होता. थोरला समोर बसून जुनी लेस निवडत होता. त्याच्या छातीतली झडप शांततेत बारीक टकटक करायची, ती ऐकू येत होती.

"धाकट्या, या गोळ्या माणसाला थंड करतात का रे?"

"थंडी वाजते का तुला?"

"तसं नाही." थोरल्यानं लेसची एक गाठ सोडवली, पुन्हा तीच मारली. "म्हणजे आतून. पुरुष म्हणून."

धाकट्याची सुई कापडात अडकली.

"हॉस्पिटलात तुला काही बोलले होते का? असलं काही?"

आता बघा. दार सताड उघडं होतं. आत जाऊन बसायचंच काय ते बाकी होतं. दादानं स्वतः, चोपन्न वर्षांच्या माणसानं, आपल्या हातानं वाढवलेल्या भावापुढं जीभ रेटून एवढं विचारलं होतं. धाकट्यानं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप झालं असतं. पण 'हो' म्हटलं तर कागद कुठाय हे सांगावं लागलं असतं, आणि आठ महिने का नाही दिलास याचं उत्तरही.

"नाही," धाकटा म्हणाला. "काही बोलले नाहीत."

"हं."

"डॉक्टरांना विचारू का मी?"

"नको!" थोरला एकदम म्हणाला. "तू नको कुणाला विचारूस. चालायचंच. वय झालं."

"चोपन्न म्हणजे काय वय आहे?"

"तेच तर," थोरला म्हणाला, आणि त्यानं लेस खाली ठेवली. उठून चहा सांगायला गेला.

त्यानंतर तो त्या विषयावर कधी बोलला नाही. उलट दोनेक महिन्यांनी तो जरा मोकळा झाल्यासारखा वाटला. रक्त तपासायला आपण एकटेच जातो म्हणायला लागला, "लहान आहे का मी, हात धरून न्यायला?" आणि येऊन सांगायचा, सगळं ठीक आहे. धाकट्याला बरं वाटलं. आपल्या मनावरचं ओझं आपोआप उतरत असेल तर कुणाला नको असतं?

ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलं होतं. सकाळचे दहा. दोघं भाऊ एका सोफ्याच्या पट्ट्या ताणत होते; धाकटा एका टोकाला, थोरला दुसऱ्या. "ओढ," धाकटा म्हणाला. पट्टी सैल पडली. त्यानं वर पाहिलं तर थोरल्याचा उजवा हात लोंबत होता, आणि तो काहीतरी बोलू बघत होता, पण शब्द बोबडे येत होते. गालात वीस खिळे असताना ज्याचा एक शब्द बोबडा आला नव्हता तो माणूस. धाकट्याला आधी वाटलं, याच्या तोंडात खिळे आहेत. त्यानं त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तोंड रिकामं होतं.

दोन दिवस थोरला हॉस्पिटलात होता. तिसऱ्या दिवशी नव्हता.

डॉक्टर म्हणाले, झडपेवर गुठळी झाली होती, ती मेंदूत गेली. "रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती का?"

"एक दिवससुद्धा नाही," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी सहाला मी स्वतः दोन्ही गोळ्या हातावर ठेवत होते. माझ्यासमोर तोंडात टाकायचे."

डॉक्टरांनी थोरल्याचं कार्ड उघडलं. शेवटच्या आठ महिन्यांच्या रकान्यांत रक्ततपासणीचा एकही आकडा नव्हता. "रक्त तर सांगतंय की गोळी पोटात जात नव्हती," ते म्हणाले. बोलले सौम्यपणे, दोष कुणालाच दिला नाही. पण दिला नाही तरी तो कुठंतरी जाऊन बसतोच, आणि तो वहिनींच्या छातीवर जाऊन बसला.

लेकीनं रडता रडता फोनवर विचारलं, "आई, तू नक्की तीच गोळी देत होतीस ना?" पोरीच्या मनात काही नव्हतं. वहिनींच्या मनातून मात्र ते निघेना. गोळ्यांची रिकामी पाकिटं त्यांनी एका डब्यात जपून ठेवली होती. भेटायला कुणी आलं की डबा उघडून दाखवायच्या: "हे बघा, रिकामी आहेत सगळी. दिल्याशिवाय रिकामी होतील का?" लोक हो म्हणायचे. त्यांना ते पुरायचं नाही. एके दिवशी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आल्या. मला गोळ्यांवरची बारीक अक्षरं चुकीची दिसत असतील का, हे विचारायला. डोळे ठणठणीत निघाले. त्या घरी येऊन पुन्हा डबा उघडून बसल्या. धाकटा समोर जेवत होता. दादानं गोळी घेतली नाही आणि वहिनींनी दिली, ही दोन्ही खरी कशी असतील?

तीन महिन्यांनी वहिनींनी खुर्ची दुकानात पाठवली. "भाऊजी, मला यात बसवत नाही आणि खोलीतून काढवतही नाही. कापड बदलून द्या. बघू, काही फरक पडतो का."

धाकट्यानं खुर्ची मेजावर घेतली. आता तो कागद निघणार होता, हे त्याला ठाऊक होतं. निघेल तर निघेल, फाडून टाकू. आता तो कुणाच्या उपयोगाचा, असं त्याच्या मनात होतं. बैठक आणि उजवा हात यांच्यामध्ये खाच असते, तिथून उसवायला सुरुवात करतात. जुन्या खुर्चीत तिथं काहीबाही सापडतं: कंगवे, पेनाची टोपणं, एखादं कानातलं. दुकानाची रीत अशी की जे सापडेल ते वाटीत काढून मालकाला परत करायचं. त्यानं सवयीनं वाटी घेतली आणि खाचेत बोटं घातली.

गोळ्या निघाल्या.

एक नाही, दोन नाही, ओंजळ भरेल इतक्या. पांढऱ्या आणि पिवळ्या, दोन्ही. कापसाला चिकटलेल्या, कडा झिजलेल्या, तोंडात थोड्याशा विरघळून मग बाहेर आलेल्या. धाकट्यानं एक चिमटीत धरली आणि त्याला थोरला दिसला: संध्याकाळचे सहा, वहिनी हातावर गोळ्या ठेवतायत, हा तोंडात टाकतोय, वर पाणी पितोय, दिवसभराच्या गप्पा सांगतोय, हसतोय, आणि दोन्ही गोळ्या गालात, खिळ्यांसारख्या. वहिनींची पाठ वळली की बोट तोंडात, आणि बोट खाचेत. जी कला जन्मभर पोटासाठी वापरली ती शेवटी यासाठी कामाला आली.

कोणती गोळी आपल्याला थंड करते हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं दोन्ही सोडल्या होत्या.

धाकट्यानं बैठकीचं कापड उलटलं. कागद होता तिथंच होता. तागाच्या एका पदरापलीकडं गोळ्या, अलीकडं कागद. डाग नाही, सुरकुती नाही, शिवला त्या दिवशी होता तसा. धाकटा खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. बेचाळीस वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा त्याला रडायला थोरल्याची मांडी होती. आता नव्हती.

डोळे पुसल्यावर त्याच्या मनात आलं ते तुमच्या-माझ्याही मनात आलं असतं. गोळ्या वहिनींना दाखवायच्या. त्यांचा दोष नव्हता हे त्यांना कळायलाच हवं. पण कागद? तो कशाला? बाजूच्या शेगडीवर सरस गरम होत होता. कागद खाली सरकवला की राख. मेलेल्या माणसानं गोळ्या का टाकल्या, हे कुणाला कळणार आहे?

तो कागद हातात धरून शेगडीसमोर बराच वेळ उभा होता. सरस करपला. मग त्यानं शेगडी बंद केली.

वहिनींकडं पोचला तेव्हा सहा वाजत आले होते. त्या डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. धाकट्यानं वाटी समोर ठेवली.

"खुर्चीत होत्या," तो म्हणाला. "हाताच्या खाचेत. दादा गालात धरायचा आणि नंतर तिथं टाकायचा."

वहिनींनी एक गोळी उचलली, उजेडात धरली. डब्यातलं रिकामं पाकीट काढून तिच्याशेजारी धरलं. रंग तोच होता.

"म्हणजे मी देत होते," त्या म्हणाल्या. "बघा, मी देत होते! बरोबर देत होते मी!" आणि त्या हसल्या आणि त्याच दमात हुंदका आला, आणि किती तरी वेळ दोन्ही एकदम चालू राहिलं. तीन महिन्यांत त्यांना हसताना धाकटा पहिल्यांदा बघत होता. त्याला वाटलं, इथंच थांबावं. एवढ्यावरच निघून जावं.

मग वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "पण का, भाऊजी? का टाकल्या त्यांनी?"

'कुणास ठाऊक' हे दोन शब्द धाकट्याच्या जिभेवर आले होते. गालात धरले असते तर वहिनींना कळलंही नसतं.

"माझ्यामुळं," तो म्हणाला, आणि खिशातून कागद काढून वाटीशेजारी ठेवला.

त्यानं सगळं सांगितलं. सिस्टर, व्हरांडा, चार घड्या, कापूस, शिवण, आणि त्या दुपारी दादानं विचारलेलं, आणि आपण दिलेलं उत्तर. आयुष्यात इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. वहिनी कागदाला हात न लावता ऐकत होत्या.

"मला वाटायचं, त्यांच्या जिवाला धोका आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणून मी खाट लांब केली. नंतर नंतर वाटायला लागलं, मीच त्यांना नकोशी झाले. त्यांना काय वाटत होतं ते आत्ता कळतंय." खिडकीशी खाट अजून तशीच होती. त्यांनी तिकडं पाहिलं नाही. "एकदा मी धीर करून म्हटलं होतं त्यांना, डॉक्टरांना विचारा. तर म्हणाले, विचारायचं काय त्यात? धाकटा होता तिथं. काही असतं तर त्यानं सांगितलं असतं. तो माझ्यापासून काही लपवायचा नाही."

धाकट्यानं मान खाली घातली.

"वर बघा," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "आणि वाचा. मोठ्यानं. त्यांना सांगायचं होतं ना तुम्हाला? मला सांगा."

"वहिनी..."

"वाचा, भाऊजी."

त्यानं कागद उलगडला. आणि त्यानं वाचलं. उभ्यानं, मास्तरांपुढं उभं राहून वाचतात तसं, एकही शब्द न गाळता.

"शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, छातीचं हाड भरून आल्यावर आणि दोन जिने न थांबता चढता येऊ लागल्यावर, बहुतेक रुग्णांना पती-पत्नीचे संबंध पूर्वीसारखे ठेवता येतात. त्यामुळं नव्या झडपेला इजा होत नाही. सुरुवातीला भीती वाटणं, इच्छा कमी होणं किंवा पुरुषाला ताठरता न येणं, हे अनेकांच्या बाबतीत घडतं. काही गोळ्यांमुळंही असं होऊ शकतं. तशी गोळी बदलून देता येते. स्वतःच्या मनानं कोणतीही गोळी बंद करू नका. दुकानातून परस्पर औषध आणू नका. लाजू नका. आम्हाला विचारा."

तो थांबला. मागच्या बाजूला काही आहे का ते त्यानं उलटून पाहिलं. काही नव्हतं. सगळं वाचायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

"एवढंच होतं?" वहिनींनी विचारलं.

"एवढंच," धाकटा म्हणाला.